हरवलेलं मूल आणि लपवलेलं कुळ: थरारकादंबरी कोणत्या क्रमाने लिहावी

मूल हरवतं, शोध सुरू होतो, शेवटाकडे कळतं की आई ज्या घरात वाढली ते तिचं घरच नव्हतं. या घाटाच्या बऱ्याच मराठी संहिता मी वाचल्या आहेत. पहिली पन्नास पानं झकास असतात. मग लेखक अडकतो आणि सुटकेसाठी जुना नोकर, मरणशय्येवरची कबुली नाहीतर गळ्यातलं लॉकेट बाहेर काढतो. चूक जवळपास प्रत्येक वेळी तीच. मूल हरवण्याचा प्रसंग आधी लिहून टाकलेला असतो आणि ते का हरवलं हे लेखक लिहिता लिहिता शोधत असतो.

क्रम उलटा हवा. जुनी लपवाछपवी आधी, तारखेनिशी. मूल हरवणं त्यानंतर.

समजावायला एकच कथानक शेवटपर्यंत वापरतो. मिरजेची वैशाली, वय बत्तीस. तिची आठ वर्षांची मुलगी ओवी जानेवारी २०२५ मध्ये शाळेच्या फाटकातून नाहीशी होते. वैशालीचे वडील, म्हणजे तात्या, तिचे वडील नाहीतच. ती मूळची लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी भागातली.

## टप्पा १ : जुनी घटना आधी पक्की करा

एका कोऱ्या कागदावर फक्त जुनी गोष्ट लिहा. त्यात आजचं एकही पात्र ‘शोधताना’ दिसता कामा नये.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली दगडमातीची घरं माणसांवर कोसळली, हजारो माणसं गेली आणि पाऊस पडत असताना सामुदायिक दहनं झाली. कोण गेलं, कोण उरलं, याच्या याद्या नातेवाइकांच्या सांगण्यावर बनत होत्या. माझ्या कथानकाला हीच फट पुरते. दीड वर्षाची एक मुलगी वाचते. आईवडील जातात. चुलता काशिनाथ मदतीचा ट्रक घेऊन आलेल्या तात्यांच्या हवाली तिला करतो आणि यादीत तिचं नाव मेलेल्यांत लिहवतो. तात्यांची त्याच वयाची वैशाली त्याच पावसाळ्यात तापाने गेलेली असते. तिच्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीत आहे, मृत्यूची मात्र कुणी केलेली नाही. म्हणजे कागदावर वैशाली जिवंत आहे आणि तिच्या जागी बसवायला एक मूल मिळालं आहे.

आता काशिनाथने असं का केलं? ‘लोभ’ हे उत्तर पुरेसं नाही. लोभाला हिशेब लागतो. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची मुलगी वर्ग १ ची वारस असते आणि भाऊ वर्ग २ चा. वर्ग १ मध्ये एकही वारस जिवंत असेल, तर भावाला काही मिळत नाही. त्यामुळे भावाच्या स्वतंत्र सातबाऱ्यावर काशिनाथचं नाव यायचं, तर ती दीड वर्षाची पोर कागदावर मेलेलीच हवी. कारण असं एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

इशारा : मोठी आपत्ती केवळ वातावरणासाठी आणू नका. तिने कागदात किंवा साक्षीदारांत नेमकी कोणती फट पाडली ते सांगता येत नसेल, तर साधा तालुक्याचा दवाखाना घ्या. कुंभमेळ्यात हात सुटलेल्या भावंडांना आता विश्रांती द्यावी.

तपासा : नायिकेला त्या रात्रीची स्वप्नं पडतात का? पडत असतील तर खोडा. दीड वर्षाच्या वयातले प्रसंग माणसाला मोठेपणी आठवत नाहीत. लोकांच्या पहिल्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या पुढच्या असतात. आठवण हवीच असेल, तर मुलीचं वय तेव्हा चार करा. पण मग तात्यांच्या घरी चार वर्षांची पोर ‘आमचीच’ म्हणून शेजाऱ्यांच्या गळी कशी उतरली, ते लिहायची तयारी ठेवा.

## टप्पा २ : कागदांचं गाठोडं बांधा

मराठी घरातली ओळख लोखंडी कपाटातल्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. ती पिशवी तुमच्या टेबलावर हवी. प्रत्येक पात्रासाठी कोणता कागद आहे, त्यावर काय छापलंय आणि तो खरं बोलतो की खोटं, हे लिहून काढा.

वैशालीच्या पिशवीत जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका आणि आधार आहे. चारही कागद अस्सल आहेत, फक्त ते दुसऱ्या मुलीचे आहेत. हे बनावट शिक्क्यांपेक्षा कितीतरी चांगलं, कारण तपास करणाऱ्याला दाखल्यात खोट सापडत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येही जन्मतारीख ग्रामपंचायतीच्या नोंदीशी जुळते.

खोट सापडते ती दुसऱ्या बाजूच्या कागदांत. गाव नमुना ६ ही फेरफाराची नोंदवही, ६-क ही वारसांची आणि पूर्वीची १४ ही जन्ममृत्यूची, जिला गावाकडे कोतवाल बुक म्हणत. काशिनाथच्या वारस नोंदीत ‘मयताची मुलगी मयत’ असं असेल, तर तिच्या मृत्यूला आधार कशाचा? फक्त त्याच्या जबाबाचा. तपास तिथे पोचला की वाचक पुढे सरसावतो.

माझा आवडता कागद सरकारी नाही. त्र्यंबकेश्वरला आणि नाशिकला तीर्थोपाध्यांकडे घराण्यांच्या वह्या असतात. विधीला गेलेला माणूस आपल्या कुटुंबातली नावं त्यात नोंदवतो आणि खाली सही करतो. काशिनाथ १९९४ मध्ये भाऊ-भावजयीच्या विधीसाठी त्र्यंबकला गेला. तलाठ्यासमोर तो खोटं बोलला, पण उपाध्यायांच्या वहीत पुतणीचं नाव त्याने जिवंतांच्या रांगेत लिहवलं, कारण जिवंत पोरीला मेलेल्यांत घालायला त्याचा हात धजेना. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातली कथा असेल, तर हेळव्याचाही असा उपयोग होतो. तो दारी येतो, वंशावळ वाचून दाखवतो आणि घरातल्यांनी गाळलेलं नाव त्याच्या वहीत सापडतं.

दत्तकाबद्दल जरा थांबून बोलू, कारण इथे सगळ्यात जास्त चुका होतात. मूल नुसतं घरी आणून वाढवलं म्हणजे दत्तक होत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात देण्याचा अधिकार असलेल्याने मूल देणं आणि घेणाऱ्याने ते घेणं आवश्यक आहे. मायबाप मेलेल्या मुलाच्या बाबतीत पालकाला न्यायालयाची परवानगी लागते. तात्यांनी यातलं काहीच केलेलं नाही. त्यामुळे वैशाली कायद्याने तात्यांची मुलगी नाही आणि मृत्युपत्र नसेल तर त्यांची वारसही नाही. तिकडे जन्मघरी ती वारस आहे, पण मेलेली. दोन्ही घरांच्या मध्ये अशी लोंबकळणारी बाई कादंबरीच्या मध्याला मिळाली, की तुम्हाला खलनायकाच्या पाठलागाची फारशी गरज उरत नाही.

कथा अलीकडच्या कायदेशीर दत्तकाची असेल, तर वाट वेगळी आहे. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे मूल आधी बालकल्याण समितीसमोर येतं. आईने स्वतः सोपवलं असेल, तर तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात. दत्तकाचा आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. अशा मुलाला मोठेपणी आपलं मूळ शोधता येतं, मात्र जन्मदात्यांची गोपनीयता राखून. म्हणजे संस्थेतल्या बाईंनी फाइल उघडून पत्ता वाचून दाखवणं हा तुमच्या सोयीचा प्रसंग आहे, नियमातला नाही.

तपासा, कागदावरची कालगणना :
- १९९३ च्या कागदावर ‘धाराशिव’ नको. नाव २०२३ मध्ये बदललं, त्याआधी उस्मानाबाद.
- आधारची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत झाली. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारात बोटांचे ठसे नसतात.
- मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी आहे. वैशालीच्या शाळेच्या दाखल्यात नावापुढे थेट वडीलच येणार.
- मोबाइल १९९३ मध्ये कुणाच्याच हातात नव्हता. एसटीडी बूथ आणि तार होती.

## टप्पा ३ : कोणाला काय माहीत, याचा तक्ता

भिंतीवर मोठा कागद चिकटवा. उभ्या रकान्यात पात्रं, आडव्या ओळीत गुपितं. प्रत्येक चौकोनात ‘माहीत’, ‘संशय’, ‘चुकीचं माहीत’ किंवा ‘कोरं’ यांपैकी एकच शब्द.

आमच्या तक्त्यात तात्यांना मुलगी कुणाची ते माहीत आहे, पण काशिनाथने तिला मेलेली दाखवली हे माहीत नाही. काशिनाथच्या मनात ती तात्यांनी पुढे कुठल्या तरी आश्रमात दिली, म्हणजे त्याला चुकीचं माहीत. त्याच्या बायकोने, काकूने, ती रात्र पाहिली आहे आणि मुलगी मिरजेत आहे हे तिला ठाऊक आहे. त्यांचा मुलगा दिनकर याच्या चौकोनात ‘कोरं’. जमिनीच्या संपादनाची नोटीस येईपर्यंत. नोटिशीनंतर तो जुने कागद काढतो आणि त्याला संशय येतो.

ज्या पात्राला सगळं माहीत आहे, त्याने गप्प राहण्याचं कारण प्रत्येक प्रकरणात टिकलं पाहिजे. ओवी हरवल्यावरही तात्या बोलत नाहीत हे वाचकाला पटवणं सगळ्यात अवघड. ‘योग्य वेळ आली नाही’ असं पात्राच्या तोंडी घालू नका. तात्यांना वाटतं की ओवी शाळेतून परस्पर कुठेतरी गेली, जुन्या गोष्टीचा याच्याशी संबंध नाही. ते प्रामाणिकपणे चुकताहेत. संबंध आहे हे कळल्याक्षणी त्यांनी बोललंच पाहिजे, निदान बोलायचा प्रयत्न तरी केला पाहिजे.

इशारा : गुपित सांगायला निघालेलं पात्र त्याच वाटेवर अपघातात मरत असेल, तर तक्ता पुन्हा मांडा.

## टप्पा ४ : आता मूल हरवू द्या

इथे दोन रहस्यांची एक गाठ पडली पाहिजे. प्रश्न एकच : लपवलेली ओळख नसती, तरी हे मूल हरवलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल, तर तुमच्याकडे दोन कादंबऱ्या आहेत.

माझ्या कथेत ओवीला काकू नेते. दिनकरला वैशालीचा पत्ता लागला आहे आणि तो काहीतरी वाईट करेल, अशी तिला धास्ती आहे. त्याआधी दोनदा ती शाळेच्या फाटकाशी येऊन ओवीशी बोलली आहे, भेळवाल्याने तिला पाहिलं आहे. तिसऱ्या दिवशी ती ओवीला घेऊन मिरजेहून लातूरच्या गाडीत बसते. हा मार्ग खरा आहे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाण्याची गाडी मिरजेहूनच गेली होती. मुलीला नेणारी एक आणि तिच्या जिवावर उठलेला दुसरा, ही फोड केली की पाठलागाला दोन दिशा मिळतात.

काकूचं प्रेम कायदा मोजत नाही. पालकांच्या संमतीशिवाय अठरा वर्षांखालच्या मुलाला त्यांच्या ताब्यातून नेणं म्हणजे अपहरण. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली येतं. त्याआधीची घटना असेल, तर भारतीय दंड संहितेचं ३६३. तुमचा निरीक्षक २०२५ मध्ये ‘तीनशे त्रेसष्ट लावा’ म्हणाला, तर ती जुनी सवय म्हणून चालेल, पण कागदावर १३७ च लिहा.

पहिल्या दिवसाचा क्रम असा :

1. घर, शेजार, रिक्षावाले काका, वर्गमैत्रिणी. इथे एक-दोन तास जातात आणि ते खरे वाटतात.
2. पोलीस ठाणं. ‘चोवीस तास थांबा, मग या’ हा संवाद आजच्या कथेत ठाणे अंमलदाराच्या तोंडी सहज घालू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३ च्या आदेशाने हरवलेल्या प्रत्येक मुलाबाबत गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, अपहरण गृहीत धरून. अंमलदार टाळाटाळ करतो असं दाखवायचंच असेल, तर तो नियम मोडतोय हे कुणीतरी बोलून दाखवू दे.
3. हद्दीचा वाद घालायचा असेल, तर झिरो एफआयआर आहे. कोणत्याही ठाण्यात नोंद होते आणि ती पुढे वर्ग होते.
4. फोटो, कपड्यांचं वर्णन, बिनतारी संदेश. ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असतो, त्याला विसरू नका. मुलांच्या मदतीचा १०९८ आणि आणीबाणीचा ११२ हे दोन्ही क्रमांक शाळेच्या भिंतीवर असतील.
5. स्थानक. लोहमार्ग पोलीस राज्याचे, रेल्वे सुरक्षा बल केंद्राचं. बरेच लेखक दोघांना एकच गणवेश घालतात.

मोबाइलच्या मनोऱ्यावरून परिसर कळतो, खोली नाही. मामाच्या मित्राने घरबसल्या लोकेशन काढून देणं हे आता विनोदी वाटतं.

तपासा : मूल सापडलं की आई त्याला कवटाळून थेट घरी नेते का? तसं होत नाही. लातुरात सापडलेली ओवी प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर जाते, आणि समिती विचारते, ‘आपण कोण?’ वैशाली पिशवीतून कागद काढते. ज्या कागदांवर वाचकाचा आता विश्वास राहिलेला नाही, तेच कागद. हा प्रसंग फुकट घालवू नका. त्यानंतर वाहिन्यांवर मुलीचं नाव आणि चेहरा झळकतोय असंही लिहू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली तो गुन्हा आहे.

## टप्पा ५ : रक्ताचा पुरावा, जपून

रक्तगटाची युक्ती सगळ्यांना आवडते. तात्या ‘ओ’, त्यांची बायको ‘ओ’, वैशाली ‘बी’. झालं, मुलगी त्यांची नाही! पण रक्तपेढीत काम केलेला कोणताही वाचक तुम्हाला अडवेल. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक दुर्मीळ रक्तगट नोंदवला, तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणूनच जगभर ओळखला जातो. असा माणूस साध्या तपासणीत ‘ओ’ दिसतो, पण ‘ए’ किंवा ‘बी’ पुढच्या पिढीला देऊ शकतो. म्हणून रक्तगट हा पुरावा न ठेवता संशय ठेवा. डॉक्टर हीच शक्यता सांगून वैशालीला शांत करतात आणि ती सहा प्रकरणं शांत राहते.

डीएनएचा घोळ याहून मोठा. ‘चाचणी केली, सिद्ध झालं’ असं लिहिण्याआधी कोणाची कोणाशी, ते पाहा.

काकू लग्नाने आलेली, तिचं वैशालीशी रक्ताचं नातं नाही. काशिनाथ सख्खा चुलता, पण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं आणि वैशाली मुलगी आहे, म्हणून ती वाट बंद. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून येतो, काशिनाथ तर वडिलांच्या बाजूचा, तीही वाट बंद. राहिली सर्वसाधारण तुलना. चुलता-पुतणीत सरासरी चौथा हिस्सा सारखा असतो. त्यातून शक्यता मिळते, बाप-मुलीइतका ठाम निकाल नाही. चुलत भाऊ दिनकरशी तर त्याच्याही निम्मं.

मग ठाम काही हवं असेल तर? कथेत मावशी ठेवा. आईची सख्खी बहीण आणि वैशाली यांचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए जुळेल, चुलत्याशी केलेल्या तुलनेला त्याचा भक्कम आधार मिळेल. माय मरो, मावशी जगो ही म्हण प्रयोगशाळेतही खरी ठरते. मावशी मात्र तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातच येऊन गेलेली हवी. शेवटाला उगवलेली मावशी म्हणजे लॉकेटच.

इशारा : अहवाल दुसऱ्या दिवशी येत नाही. कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत नमुना गेला की पात्रांना वाट पाहायला लावा. तोवर माणसं जे करतात ते खरं प्रकरण. शिवाय कुणीही मागितलं म्हणून न्यायालय डीएनए चाचणीचा हुकूम देत नाही.

## टप्पा ६ : उघड करण्याचा क्रम

जुनी गोष्ट ज्या क्रमाने घडली, त्या क्रमाने कधीच उघडू नका. आमचा क्रम : रक्तगटाचा संशय, मग भेळवाल्याने पाहिलेली म्हातारी, मग लातूरची गाडी, मग वारस नोंद, मग त्र्यंबकची वही, मावशी, आणि शेवटी मेलेल्या खऱ्या वैशालीचा पाळण्यातला फोटो. प्रत्येक खुणेला उघड होईपर्यंत एक निरुपद्रवी अर्थ हवा. वहीत पुतणी जिवंतांत लिहिलेली आहे, तर गुरुजी म्हणतात, ‘एवढ्या लहान लेकराचं श्राद्ध नसतं, म्हणून राहिलं असेल नाव तसंच.’ वाचक मान डोलावतो आणि पन्नास पानांनी कपाळावर हात मारतो.

जमिनीबद्दल एक खाच. ‘हक्कसोडपत्रावर सही कर’ अशी धमकी दिनकर देतो असं पहिल्या खर्ड्यात मीही लिहिलं होतं. एका वकील मैत्रिणीने पान परत पाठवलं. हक्कसोड सहहिस्सेदाराच्या लाभात होतं. इथे एकटी वैशालीच वारस असेल, तर काशिनाथचा हिस्साच नाही, सोडायचं कुणासाठी? त्यापेक्षा दिनकरला ती कागदावर मेलेलीच राहायला हवी आहे. ही धमकी जास्त थंड आहे आणि तिला सही लागत नाही.

## टप्पा ७ : मुलाची प्रकरणं

ओवी ही पळवायची पिशवी नाही. तिची किमान तीन प्रकरणं तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून लिहा. आठ वर्षांची मुलगी स्थानकांच्या पाट्या वाचते, भूक लागली की चिडते, म्हातारीच्या पिशवीत काय आहे ते पाहते, दुसऱ्या दिवशी शाळेतला डबा कोण खाणार याची काळजी करते. ती सतत रडत नाही. मोठ्यांसारखे निष्कर्षही काढत नाही. इजा आणि छळ सविस्तर रंगवायची काहीच गरज नाही, बंद दाराबाहेरची चप्पल पुरते.

सापडल्यावर तिचं पहिलं वाक्य काय असेल, हे मी आठ वर्षांच्या एका पुतणीला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘मला कुणी रागावणार नाही ना?’ ते तसंच ठेवलं.

## टप्पा ८ : तीन वाचक

खर्डा साहित्यिक मित्राला शेवटी द्या. आधी निवृत्त हवालदार, मग तलाठी कार्यालयात काम केलेला माणूस, मग साताठ वर्षांच्या मुलाची आई. तिघांनाही एकच विनंती करा : जिथे हसू येईल तिथे पेन्सिलीने रेघ मारा. हवालदार साधारण चौथ्या टप्प्यात हसतो, तलाठी दुसऱ्यात. आईने मारलेल्या रेघा बहुतेक सातव्यात असतात, आणि तिथे ती हसलेली नसते.